अँकीत २३४० कार्डं साचलीयत, सगळं डिलीट करू का?

प्रश्न विचारणारा मुलगा सेकंड इयर एमबीबीएसला आहे, सरकारी कॉलेजात. सीनियरने सांगितलं म्हणून दोन-अडीच महिन्यांपूर्वी अँकी टाकलं (प्रश्न-उत्तराची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा विचारणारं ॲप), अमेरिकेतली पोरं वापरतात तो तीसेक हजार कार्डांचा तयार डेक, म्हणजे गठ्ठा, उतरवून घेतला, रोज ८० नवीन कार्डं लावली, मध्ये गणपतीला घरी गेला आणि परत येऊन बघतो तर स्क्रीनवर २३४० ड्यू, म्हणजे उजळणी राहिलेली. त्यात फार्मॅकच्या (औषधशास्त्राच्या) इंटर्नलला कसेबसे मार्क पडले. आता विचारतोय की मॅडम, हे सगळं डिलीट करून गुपचूप पुस्तक वाचू का, आणि टॉपर लोक नेमकं करतात तरी काय.

टॉपर काय करतात ते टॉपरला विचार. मी एमडी मेडिसिन, बरीच वर्षं वॉर्डात पोरं शिकवतेय, कार्डांवर अभ्यास करून दोन परीक्षा काढल्यात आणि एका परीक्षेची चांगलीच वाट लावलीय, तेव्हा तिन्हींच्या अनुभवावरून सांगते. लांबणारे, चहा घेऊन बस.

अँकी डिलीट करू नकोस. तो डेक मात्र आहे तसा ठेवून तुझं काही भलं होणार नाहीये. तो बनलाय यूएसएमएलईसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेसाठी, तिकडच्या पोरांनी आपापली कार्डं एकत्र करत करत वर्षानुवर्षं वाढवलेला. काम खरोखर चांगलं आहे, नावं ठेवायला जागा नाही, पण परीक्षा त्यांची, देश त्यांचा, आजारही त्यांचे. तिकडे गोचिडीतून होणारा लाइम डिसीज महत्त्वाचा, ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या धुळीतली कॉक्सिडिऑइड्स बुरशी महत्त्वाची. तुला पीएसएमच्या (सार्वजनिक आरोग्याच्या) व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारणार की पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, किती लोकसंख्येमागे, सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,०००. तुझ्या कॅज्युअल्टीत येणार घोणस चावलेला शेतकरी, आणि कोकणात पोस्टिंग लागली तर विंचू चावलेलं पोरगं, ज्याच्यासाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध रूढ केलं. ह्या गोष्टींसाठी तो डेक बनवलेलाच नाहीये, त्याचा काय दोष.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तू लिहिलंयस की वर्गात ऑटोनॉमिक (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेची औषधं) चालू होतं आणि डेक तुला ॲरिदमियाची, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडल्यावरची, औषधं विचारत होता, ती अजून शिकवलीच नव्हती म्हणून तू कार्डं "वाचून वाचून" पुढे सरकवलीस. इथेच सगळं बिघडलं बघ. न समजलेली गोष्ट कार्डावर टाकली की ती टेलिफोन नंबरासारखी होते. नंबर पाठ होतोही, पण दोन नंबर सारखे दिसले की घोळ, आणि फार्मॅकमध्ये तर सगळेच नंबर सारखे दिसतात.

आता हे यंत्र करतं काय ते एकदा नीट समजून घे, म्हणजे पुढचं पटेल. लहानपणी पाढे म्हणायचास ना दिवेलागणीला? ओळीने म्हणताना सतराचा पाढा धडाधड यायचा, आणि आजोबांनी मध्येच "सतरा नव्वे?" विचारलं की तू मनातल्या मनात सतरा एके सतरापासून सुरू करून धावत धावत नव्वेपर्यंत यायचास. ओळीने येणं वेगळं आणि मधूनच विचारल्यावर येणं वेगळं. पुस्तक चौथ्यांदा वाचताना आपण ओळीने पाढा म्हणत असतो, सगळं ओळखीचं वाटतं, पिवळं हायलायटर मारलेलं वाक्य तर सख्ख्या भावासारखं वाटतं, आणि परीक्षेत येतं "सतरा नव्वे". अँकी म्हणजे ते आजोबा. फक्त ह्या आजोबांना प्रत्येक पाढ्याची तारीख लक्षात असते.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलं होतं. उतारे दिले, काहींना पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आणि गंमत अशी की आपल्याला चांगलं लक्षात राहणार हा आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी पास होणाऱ्या आपल्या सगळ्यांची कहाणी त्यात आली, आणि मग पीजीच्या वेळी "अरे हे तर आपण फर्स्ट इयरला केलेलं" म्हणत डोकं धरून बसण्याचीसुद्धा.

विसरण्याचा हिशोब त्याहून जुना आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून मोजलं की माणूस किती वेळात किती विसरतो, सुरुवातीला झपकन आणि नंतर हळूहळू. मग विसरायच्या जरा आधी पुन्हा विचारलं तर पुढच्या वेळी उशिरा विसरतो. सेबास्टियन लाइटनरने १९७० च्या दशकात खोक्याची पद्धत लोकांपर्यंत नेली, पोलंडच्या वोझ्नियाकने १९८७ मध्ये तेच कॉम्प्युटरवर बसवलं, आणि २००६ मध्ये डेमियन एल्म्सने अँकी काढलं, जपानीत त्या शब्दाचा अर्थच पाठांतर. जुन्या सेटिंगवर कार्ड बरोबर येत गेलं की साधारण १ दिवस, ३ दिवस, ८, २०, ५०, १२५ असं लांबत जातं. बेरीज कर, २०७ दिवस. म्हणजे सात-एक वेळा उत्तर देऊन एक गोष्ट सात महिने तुझ्याकडे राहते. आता २०२३ च्या शेवटापासून एफएसआरएस नावाची नवीन पद्धत आतच मिळते, ती तुझ्या स्वतःच्या चुकांवरून हे अंतर ठरवते, ती चालू कर आणि विसरून जा. सेटिंगमध्ये रमणाऱ्यांची एक वेगळी जमात असते, त्यांचा अभ्यास सोडून सगळं झालेलं असतं.

माझं स्वतःचं सांगते. मामाचा तालुक्याच्या गावी छापखाना होता, लग्नसराई संपली की कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे उरायचे, जाड, एका बाजूला सोनेरी गणपती. ते मी अर्धे कापून हॉस्टेलला आणायचे आणि गणपतीच्या उलट्या बाजूला प्रश्न, त्याच्याखाली दुमडून उत्तर. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. बरोबर आलं की पुढचा कप्पा, चुकलं की पहिला. लाइटनर कोण हे मला माहीतही नव्हतं, एका सीनियर ताईने दाखवलेलं. इंटर्नशिपमध्ये फोन घेतला आणि अँकीड्रॉइड टाकलं, खोकं घरी गेलं, आई अजून त्यात बटणं ठेवते.

त्या पत्रिकांचा एक फायदा होता जो फोनने घालवला. जागा एवढीशी असायची की लांबलचक लिहिताच यायचं नाही, आणि हाताने लिहायचं म्हणजे कंटाळा, म्हणून एखादी गोष्ट लिहिण्यालायक आहे का हा विचार आपोआप व्हायचा. आता स्लाइडचा स्क्रीनशॉट मारला, कार्डावर चिकटवला, झालं. गेल्या वर्षी एका मुलीने मला तिचं कार्ड दाखवलं. पुढे "एटीटीचे (टीबीच्या औषधांचे) साइड इफेक्ट्स लिहा", मागे अख्खं टेबल, चार औषधं, सोळा ओळी. ते कार्ड ती रोज चुकत होती. चुकणारच ना, सोळातल्या अकरा आल्या तर बरोबर म्हणायचं की चूक? मग ती स्वतःला दया दाखवून बरोबर म्हणायची आणि त्याच पाच ओळी कायम गाळायची.

ते कार्ड आम्ही तिथेच फोडलं, कसं ते सांगते. "टीबीची गोळी चालू केल्यावर लघवी केशरी झाली, कुठलं औषध?" रिफाम्पिसिन. "आयएनएच घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत काय देतो?" पायरिडॉक्सिन. "एटीटीवरच्या पेशंटला लाल-हिरवा रंग ओळखू येईना, कुठलं औषध थांबवशील?" इथॅम्ब्युटॉल. "एटीटी चालू, युरिक ॲसिड वाढलं?" पायराझिनामाइड. "गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला टीबीची औषधं चालू केली, काय सांगशील?" रिफाम्पिसिन लिव्हरची एन्झाइम वाढवतं, गोळी निकामी होते, दुसरं साधन वापर. एका कार्डाला एकच उत्तर, पाच-सात सेकंदांत आलं तर आलं नाहीतर नाही. आणि प्रश्न पेशंटच्या बाजूने, कारण पेशंट येऊन "मला रिफाम्पिसिनचा साइड इफेक्ट झालाय" असं म्हणत नाही. आमच्या वॉर्डात बेड ११ वर एक आजी होत्या, औषधं चालू करून तीन दिवस झालेले, पदराआड बाटली लपवून आणलेली, हळूच म्हणाल्या, "बाई, रक्त जातंय वो लघवीतनं." सांगायला विसरलेलं कुणीतरी त्यांना. त्या दिवसापासून माझ्या त्या कार्डावर उत्तराखाली "बेड ११ च्या आजी, बाटली" एवढंच लिहिलेलं आहे. नाव-गाव कधी लिहायचं नाही, पेशंटचं ते पेशंटकडेच राहू दे, पण असा एक शब्द जोडला की कार्ड तुझं होतं.

उतरवलेल्या डेकमध्ये हे नसतं. म्हणून मी म्हणते आपली कार्डं आपण बनव. तुझा मित्र म्हणेल वेळ जातो. जातोच. पण कुठली ओळ कार्ड करायची, कुठली सोडायची, प्रश्न कसा विचारायचा हे ठरवताना तो धडा तू तीनदा उलटापालटा केलेला असतोस. अर्थात हट्ट नको, मायक्रोमधले बॅक्टेरिया किंवा औषधांची नावं असल्या कोरड्या गोष्टींना तयार कार्ड चालतं, तिथे स्वतः टाइप करून काही ज्ञान वाढत नाही.

आणि कार्ड कमी कसं करायचं तर समजून घेऊन. ॲट्रोपिनच्या साइड इफेक्टची तुझ्या डेकमध्ये असतील नऊ कार्डं. तोंड कोरडं, दृष्टी धूसर, लघवी अडते, बद्धकोष्ठ, नाडी जलद. ॲट्रोपिन जिला अडवतं ती पॅरासिम्पथेटिक मज्जासंस्था काय काय करते हे एकदा डोक्यात बसलं तर हे सगळं त्याचं उलटं आहे, पाठ करायचं उरतंच काय. तिथे मी दोनच कार्डं ठेवीन, एक ग्लॉकोमावाल्या पेशंटचं आणि एक प्रोस्टेटवाल्या आजोबांचं. समजून येणाऱ्या गोष्टीचं कार्ड करू नये, आणि समजूनही लक्षात न राहणाऱ्या गोष्टीचं केल्याशिवाय राहू नये. फरक कसा कळणार? पुस्तक मिटव, शेजारच्याला धडा सांग. अडखळशील तिथे कार्ड.

चित्रांचं वेगळं आहे. इमेज ऑक्लूजन म्हणजे चित्रावरची नावं झाकून विचारायचं, हे आता अँकीतच आहे, वेगळं ॲड-ऑन लागत नाही. ॲनॅटॉमी, हिस्टोच्या स्लाइड, ईसीजी, पॅथोचे स्पेसिमेन यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. पण एक सापळा आहे. मी ब्रॅकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याच्या) एकाच आकृतीवरून चौदा कार्डं केली होती, सगळी पाठ, आणि डिसेक्शन हॉलमध्ये मला एकही कॉर्ड ओळखता येईना, कारण मी नर्व्ह नाही तर "उजवीकडून तिसरी पिवळी पट्टी" पाठ केली होती. म्हणून एकाच गोष्टीची दोन-तीन वेगळी चित्रं घे, त्यातलं एक तरी खऱ्या डिसेक्शनचं, आणि एक कार्ड बिनचित्राचं: "सर्जिकल नेकला फ्रॅक्चर, खांदा बाजूला उचलता येत नाही, कुठली नर्व्ह?" ॲक्झिलरी.

बटणांबद्दल. चार असतात, अगेन, हार्ड, गुड, ईझी. मी ज्या ज्या पोरांचा फोन बघितला त्यातल्या निम्म्यांची एकच चूक, उत्तर आलंच नाही तरी हार्ड दाबतात, कारण अगेन दाबायला जिवावर येतं. हार्डचा अर्थ "आलं, पण घाम फुटला" असा आहे. न आलेल्याला हार्ड दाबलं की यंत्राला वाटतं आलं, ते कार्ड लांब टाकतं, आणि एफएसआरएसचं तर सगळं गणितच त्यावर चालतं. तू आपला दोनच बटणं वापर, अगेन आणि गुड. स्वतःशी खोटं बोलून कुणाला फसवणार?

जे कार्ड पुन्हा पुन्हा चुकतं त्याला अँकी लीच म्हणतं, जळू. आठ वेळा चुकलं की तसा शिक्का बसतो. जळू दिसली की ते कार्ड नवव्यांदा घोकायचं नाही. ते वाईट लिहिलंय, किंवा दोन सारख्या गोष्टींत घोळ होतोय, किंवा मुळात धडाच कळलेला नाही. फोड, पुन्हा लिही, नाहीतर फेकून दे. मी एका रविवारी बसून साठेक फेकली होती, आजवर एकाही पेशंटचं त्यावाचून अडलेलं नाही.

आता तुझ्या आकड्यांकडे. रोज ८० नवीन म्हणजे काय होतं याचा तू हिशोबच केला नाहीस. नवीन कार्डाच्या साधारण आठ ते दहापट रिव्ह्यू, म्हणजे जुन्या कार्डांच्या उजळण्या, काही आठवड्यांत रोजचे होतात. २० नवीन घेतलीस तर दिवसाला २०० च्या आत-बाहेर, एकाला १० सेकंद धरले तर पाऊण तासाच्या आत. ८० घेतलीस तर ६००-८००, म्हणजे दोन तास, आणि त्यात लेक्चर, पोस्टिंग, मेस, झोप. पहिले दहा दिवस मजा वाटते कारण उधारीचा हप्ता अजून सुरू झालेला नसतो. गणपतीला गेलास म्हणून नाही साचलं, आरतीला दोष देऊ नकोस, ते तसंही साचणारच होतं.

सेकंड इयरला रोज १५ ते २० नवीन पुष्कळ झाली, परीक्षा नसलेल्या महिन्यात १० सुद्धा चालतील. वर्षाला चार-पाच हजार कार्डं होतात. कमी वाटतात, पण स्वतःची, समजलेली चार हजार कार्डं घेऊन फायनल इयरला पोचलेली पोरं मी हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच बघितलीयत.

साचलेल्याचं काय करायचं ते सांगते, लॅपटॉपवर बसून कर, फोनवर डोकं फिरेल. ब्राउझमध्ये जाऊन तो अख्खा डेक सस्पेंड कर. डिलीट नाही, सस्पेंड, म्हणजे कार्डं झोपतात. मग टॅगवरून फक्त तेवढीच जागी कर जी तुमच्या वर्गात शिकवून झालीयत आणि तुला पुस्तक मिटून सांगता येतात. माझा अंदाज आहे २३४० ची पाचशेच्या आसपास राहतील. नवीन कार्डं शून्यावर आण. रोजचे रिव्ह्यू १०० वर बांध. क्रम असा लाव की जी अजून आठवत असण्याची शक्यता जास्त ती आधी येतील, सेटिंगमध्ये त्याला डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी म्हणतात. लोक उलटं करतात, सगळ्यात जुनी आधी, आणि मग एकही आठवत नाही, रोज शंभरपैकी सत्तर अगेन, चौथ्या दिवशी ॲप उघडवत नाही. वाचण्यासारखं आहे ते आधी वाचव, बुडालेलं नंतर नव्याने शीक. दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात येईल, मग नवीन १० पासून चालू. डिझायर्ड रिटेन्शन, म्हणजे शंभरातली किती कार्डं आठवायला हवीत ते, ०.९० असतं, ते ०.९५ करण्याचा मोह टाळ, पाच टक्क्यांसाठी रिव्ह्यू बेसुमार वाढतात. साचलेलं असताना उलट ०.८५ वर आणलंस तरी चालेल.

वेळ कधीची? माझी सकाळी राउंडच्या आधी, बाहेर बाकड्यावर, सर यायच्या आत. पोरं सांगतात लोकलमध्ये होतात, एसटीत होतात, खरंय, पण नवीन कार्डं तिथे करू नकोस, जुनीच कर. रात्री अकरानंतर केलेल्या कार्डांना माझ्या मते काही अर्थ नाही, तेव्हा माणूस नुसता अंगठा हलवतो. फोनचं अँड्रॉइड असेल तर अँकीड्रॉइड फुकट आहे, कॉम्प्युटरवरही फुकट, आयफोनचं अधिकृत ॲप तेवढं विकत घ्यावं लागतं, आणि मिळत्याजुळत्या नावाची भलतीच ॲप्स असतात तिथे, घेताना नीट बघ.

पीएसएमच्या कार्डांवर तारीख टाक, हे विसरू नकोस. कार्ड लक्षात ठेवतं, पण जग बदललं हे त्याला कळत नाही. माझ्याकडे आरएनटीसीपीची, म्हणजे सरकारच्या टीबी कार्यक्रमाची, सुंदर कार्डं होती, कॅटेगरी एक, कॅटेगरी दोन, आठवड्यातून तीनदा गोळ्या, एकदम तोंडपाठ. २०२० मध्ये कार्यक्रमाचं नाव एनटीईपी झालं, त्याच्या आधीच रोजचा डोस आला होता, दोन महिने चारही औषधं (एचआरझेडई) आणि चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन (एचआरई), कॅटेगरी दोन गेली. आणि माझ्या तोंडातून कितीतरी दिवस जुनंच यायचं. घट्ट पाठ झालेलं चुकीचं उत्तर हे न येणाऱ्या उत्तरापेक्षा वाईट, कारण ते तू ठामपणे सांगतोस.

आता माझी वाट लागलेली परीक्षा. फायनल मेडिसिनचा पेपर. माझ्या खोक्यात सगळं होतं, जोन्स क्रायटेरिया विचारा, लाइट्स क्रायटेरिया विचारा, असल्या निदानाच्या याद्या चुटकीसरशी. पेपरात आलं, कावीळ झालेल्या पेशंटचं निदान कसं कराल ते सविस्तर लिहा. मला काविळीबद्दल चाळीस गोष्टी माहीत होत्या आणि पहिलं वाक्य सुचेना. चाळीस सुटे मणी, दोराच नाही. दीड पान लिहिलं, त्यातही क्रम नाही, आधी बायोप्सी आणि मग हिस्टरी असला प्रकार. व्हायव्हातही तेच झालं, एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोटाला हात लावून बघितला का?"

तुझं इंटर्नलही इथेच गेलंय असं मला वाटतं. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमाप्रमाणे थिअरीत एमसीक्यूंना जास्तीत जास्त २० टक्के, उरलेलं ८० टक्के पेनाने लिहायचं. त्यामुळे एमयूएचएसच्या, म्हणजे आपल्या आरोग्य विद्यापीठाच्या, पेपरला कार्डं पुरत नाहीत, आठवड्यातून दोन तरी मोठी उत्तरं घड्याळ लावून कागदावर लिहून काढ, आकृतीसकट, आणि कुणाला तरी दाखव. कार्डं त्या उत्तरात भरायचा माल देतील, सांगाडा तुला लिहूनच येणार.

नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, मामला वेगळा, तिथे कार्डं खरी कामाला येतात. २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला ४ आणि चुकीला उणे १, आणि २०२४ पासून ४० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला ४२ मिनिटं, वेळ संपली की मागे जाता येत नाही. एका प्रश्नाला ६३ सेकंद. त्यात पेशंटची गोष्ट वाचायचीय, औषधाचं नाव आठवत बसायला वेळच नाही, ते आपसूक यायला हवं. माझ्या पीजीच्या तयारीत मी क्वेश्चन बँक सोडवायचे आणि चुकलेल्या प्रश्नामागे एकच कार्ड करायचे, पण प्रश्नाची नक्कल नाही, मी चुकले का, ते कार्डावर. "नेफ्रायटिक समजले कारण हिमॅच्युरिया बघितला, प्रोटीनचा आकडा बघितलाच नाही", असली कार्डं. ती वाचायला लाज वाटते आणि म्हणूनच लक्षात राहतात. शेवटचे तीन आठवडे नवीन काही नाही, फक्त जुनं फिरवायचं.

पण ते तुला अजून लांब आहे. आज रात्री लॅपटॉप उघड, डेक झोपव, आणि ऑटोनॉमिकचा एकच धडा घेऊन दहा कार्डं स्वतः लिही. त्यातली तीन इथेच खाली टाक, मी बघून सांगते कुठे फोडायची. माझा डेक मात्र मागू नकोस, मागच्या वर्षीही एकाने मागितला होता आणि दोन दिवसांत परत येऊन विचारत होता की मॅडम, हे "बेड ११ च्या आजी, बाटली" म्हणजे काय.